कॉमिक्स पार्सल करताना या चुका टाळा: खोका शाबूत, आतला कोपरा चेपलेला

खोक्यावर साधा ओरखडाही नव्हता. कडा सरळ, चिकटपट्टी जिथल्या तिथे, ओलीचा डाग नाही. आत बबल रॅपचे चार वेढे, त्याच्या आत कडक बोर्ड (पिशवीत अंकाच्या पाठीशी ठेवायचा पातळ पुठ्ठा), आणि बोर्डापुढे वरचा उजवा कोपरा चेपलेलं कॉमिक. पाठवणाऱ्याने पॅकिंगच्या आधीचा फोटो दाखवला, त्यात तो कोपरा अगदी टोकदार दिसत होता. आम्ही दोघंही खरंच बोलत होतो. अंक पिशवीत थोडासा सैल होता, पिशवी बबल रॅपमध्ये सैल होती आणि सगळा प्रवासभर तो अंक घसरत एकाच बाजूला आपटत राहिला होता.

त्या पार्सलनंतर माझी पॅकिंगकडे बघण्याची नजर बदलली. कॉमिकचा प्रवासात घात करतात त्या दोनच गोष्टी, हालचाल आणि दाब. हलू नये म्हणून करकचून बांधावं तर दाब पडतो, आणि दाब नको म्हणून सैल ठेवावं तर अंक हलतो. संग्राह्य अंकांची स्थिती ०.५ ते १० या श्रेणीवर मोजतात. तिथे ९.८ आणि ९.६ यांतला फरक स्पाइनवरच्या, म्हणजे पिना मारलेल्या दुमडीच्या कडेवरच्या, एक-दोन बारीक पांढऱ्या रेघांएवढाच असू शकतो. म्हणून एवढा काथ्याकूट करायचा.

पिशवी चुकली की पुढचं सगळं चुकतं

कॉमिकचा आकार काळानुसार बदलत गेला आहे. १९४० च्या दशकातला अंक साधारण ७.७५ इंच रुंद असायचा, आजचा ६.६ इंचांच्या आसपास असतो. उंचीत फारसा फरक नाही, सव्वादहा ते साडेदहा इंच. म्हणूनच पिशव्या आणि बोर्ड ‘करंट’ (आजच्या अंकांसाठी), ‘सिल्व्हर’ (मधल्या काळातल्या), ‘गोल्डन’ (१९४० च्या सुमाराच्या) अशा मापांत मिळतात. घरात एकाच मापाचा गठ्ठा आहे म्हणून सगळं त्यातच कोंबू नका. जुना जाड अंक अरुंद पिशवीत सारला की आत जातानाच त्याच्या स्पाइनवर ताण येतो आणि शाई तडकते. उलट आजचा बारीक अंक मोठ्या पिशवीत टाकला की तो आत भिरभिरत राहतो.

बोर्ड आम्लविरहित हवा आणि तो अंकाच्या उंचीपेक्षा किंचित मोठा हवा, म्हणजे पिशवी आपटली तर मार आधी बोर्डाच्या कडेला बसेल. बऱ्याच बोर्डांची एक बाजू गुळगुळीत असते, ती अंकाकडे करावी. पिशवी पॉलिप्रॉपिलीन, पॉलिइथिलीन किंवा मायलरची (पॉलिस्टरची पारदर्शक फिल्म). पीव्हीसीची नको. त्यातली मऊपणा आणणारी रसायनं काळाच्या ओघात बाहेर येतात आणि कव्हरला चिकटतात.

आता माझ्या मते सगळ्यात दुःखद चूक: फ्लॅपवरची उघडी चिकटपट्टी. पाठवताना अंकाला काहीच होत नाही. समोरचा माणूस पट्टी सोडवतो, फ्लॅप मागे करतो आणि अंक बाहेर ओढतो. त्या क्षणी फ्लॅपच्या टोकाला राहिलेली चिकट कड मुखपृष्ठाला लागते आणि शाईचा पापुद्रा उचलून घेते. हजारो मैल सुखरूप आलेला अंक घरात, टेबलावर खराब होतो. यावर उपाय सोपा आहे. कमी चिकटणारी मास्किंग टेप वापरा, तिचं एक टोक पाव इंच दुमडून ठेवा म्हणजे ती अख्खी निघेल, आणि ती फ्लॅपच्या मधोमध एकाच ठिकाणी लावा. पिशवीला आधीच गोंदाची पट्टी असेल तर ती फ्लॅपवर आहे की पिशवीच्या अंगावर, ते बघून घ्या. फ्लॅपवर असेल तर वरून कागदाची पट्टी चिकटवून ती निकामी करा आणि फ्लॅप मास्किंग टेपने बंद करा.

बबल पाकिटावर भरवसा

एकच अंक पाठवायचा असला की हात आपोआप बबल पाकिटाकडे जातो. बबल ठोसा झेलतात, वाकणं थांबवत नाहीत. पाकीट लवचीक असतं आणि आतला बोर्डही तेवढाच लवचीक. वर्गीकरणाच्या यंत्रातून जाताना किंवा अरुंद पेटीत सारताना दोन्ही एकत्रच वाकतात. पाकिटावर लाल अक्षरांत ‘वाकवू नका’ लिहिल्यावर आपल्याला बरं वाटतं, पण यंत्राला वाचता येत नाही. ते जरूर लिहा, पण त्याआधी पाकीट वाकणारच नाही अशी सोय करा.

दुसरं, बबल रॅप थेट पिशवीभोवती ताणून गुंडाळू नका. वर वजन पडलं की बबल कव्हरवर टेकतात आणि तिरप्या उजेडात गोल-गोल खळगे दिसू लागतात. बबल रॅप लावायचा तो कडक थरानंतर.

पुठ्ठ्याचं सँडविच

इथे थोडा वेळ काढा, पॅकिंगचा जीव यातच आहे.

नालीदार पुठ्ठ्याचे (ज्याच्या आत लाटांसारखा कागद असतो, त्या लाटा म्हणजे नाल्या) दोन तुकडे कापायचे. पिशवीतल्या अंकापेक्षा ते चारही बाजूंनी निदान एक इंच मोठे हवेत. आजच्या अंकासाठी साधारण ९ बाय १२.५ इंच बरोबर बसतात. हा इंचभर काठच कोपऱ्यांचं खरं चिलखत. पुष्कळ लोक पुठ्ठा अंकाच्या मापाचाच कापतात. मग खोका कोपऱ्यावर पडला की पुठ्ठा आणि कॉमिक दोघांचा कोपरा एकदमच चेपतो.

नाल्यांची दिशा बघायलाही लोक विसरतात. नालीदार पुठ्ठा नाल्यांना समांतर असलेल्या रेषेवर सहज दुमडतो, नाल्यांना आडव्या रेषेवर मात्र हट्टाने उभा राहतो. हातात घेऊन दोन्हीकडून वाकवून बघा, लगेच कळेल. दोन्ही तुकड्यांच्या नाल्या एकाच दिशेने असतील तर सँडविच त्या रेषेवर पुस्तकासारखं मिटेल. एकाच्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवा, म्हणजे एकाची कमजोर बाजू दुसरा सांभाळतो.

अंक पुठ्ठ्यावर धरून कसा ठेवायचा? थेट पिशवीवर टेप लावू नका, सोडवताना ओढाओढ होते. अंकाची पिशवी आणखी एका जराशा मोठ्या पिशवीत घाला आणि त्या बाहेरच्या पिशवीच्या चार कडा मास्किंग टेपने पुठ्ठ्याच्या मधोमध चिकटवा. अंक जागचा हलत नाही आणि त्याच्या स्वतःच्या पिशवीला टेप शिवतही नाही. नंतर वरचा पुठ्ठा ठेवा आणि काठांवर टेप सपाट लावा. टेप ताणून चौफेर गुंडाळली तर पुठ्ठ्याच्या कडा आत ओढल्या जातात, मधला भाग फुगतो आणि अंकाच्या कडांवर दाब येतो. रबर बँड आणि सुतळी तर पूर्ण वर्ज्य. त्यांची रेघ पुठ्ठ्यातूनही उमटते.

झालं की सँडविच कानाशी धरून हळूच हलवा. आत सरकल्याचा आवाज आला तर उघडा आणि पुन्हा करा. कंटाळा येतो, पण पुन्हा करा.

खोका आणि भराव

सँडविच आणि खोक्याची भिंत यांच्यामध्ये सगळीकडून दोन इंच भराव हवा, वर आणि खालीही. नेमका तळच विसरला जातो. वापरून मऊ पडलेला, कडा चुरगळलेला खोका घेऊ नका. पुठ्ठ्याची ताकद कडांमध्येच असते आणि ती एकदा गेली की परत येत नाही. भराव म्हणून चुरगळलेला जाड कागद चांगला. फोमच्या सुट्या गोळ्या प्रवासात खाली बसतात आणि जड वस्तू त्यांच्यातून वाट काढत भिंतीपर्यंत पोहोचते. वर्तमानपत्र लवकर चपटं होतं, शिवाय त्याची शाई लागते. मौल्यवान अंक असेल तर खोक्यात खोका करा.

एकावर एक असे बरेच अंक पाठवताना वेगळी अडचण येते. पिनांमुळे स्पाइनची बाजू जाड असते. सगळ्या स्पाइन एकाच बाजूला आल्या तर गठ्ठा एकीकडे उंच, एकीकडे बसका होतो आणि वरचे अंक हळूहळू वाकतात. दर चार-पाच अंकांनंतर दिशा उलटी करा. गठ्ठ्याच्या दोन्ही टोकांना पुठ्ठा लावा. ताणली जाणारी प्लास्टिक फिल्म गठ्ठ्याभोवती आवळू नका, तिचा ताण कडांवर सतत राहतो. आणि अर्ध्या भरलेल्या खोक्यात अंक उभे ठेवले असतील तर उरलेली जागा भरा, नाहीतर ते कलंडून पोटात वाकतात.

ओलाव्यासाठी पूर्ण सँडविच किंवा गठ्ठा एका बंद प्लास्टिक पिशवीत घालायचा. एवढं पुरे. मात्र दमट दिवशी पॅक केलं तर तो दमटपणाही आत बंद होतो, हे लक्षात असू द्या.

प्लास्टिकच्या कडक केसमधले अंक

श्रेणी देऊन सीलबंद केलेला अंक पाहिला की ‘याला काय होणार’ असं वाटतं. केसचे कोपरे तडकतात आणि तडक गेली की सीलबंदपणालाच अर्थ राहत नाही. शिवाय जोराच्या हिसक्याने आतला अंक स्वतःच्या कप्प्यात सरकून इजा होऊ शकते, तीही केस न फुटता. दोन केस एकमेकांना चिकटवून पाठवू नका, एकमेकांना घासून त्यांचे पृष्ठभाग धुरकट होतात. प्रत्येक केस स्वतंत्र पिशवीत, दोन्ही बाजूंना पुठ्ठा, वर बबल रॅप, आणि मग खोक्यात खोका.

नुकसान बघून चूक ओळखा

पार्सल खराब पोहोचलं तर नुकसानीचा फोटो मागून घ्या. तो फोटो चूक कुठे झाली ते सांगतो. खोका शाबूत आणि अंकाचा कोपरा बोथट असेल तर आत हालचाल झाली. खोक्याचा आणि अंकाचा तोच कोपरा चेपला असेल तर पुठ्ठ्याला काठ कमी पडला. अंकावर आरपार एकच सरळ मोड असेल तर नाल्या एका दिशेने होत्या किंवा पुठ्ठाच नव्हता. स्पाइनवर नव्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर तंग पिशवी किंवा एकतर्फी गठ्ठा, पानं लाटांसारखी झाली तर ओल. कव्हरच्या वरच्या कडेचा पापुद्रा गेला असेल तर कुरिअरवर आळ घेऊ नका, ती फ्लॅपची चिकटपट्टी.

उघडणाऱ्याचा विचार

मजबुतीच्या नादात पार्सलवर टेपचे इतके थर चढतात की समोरच्याला सुरी खुपसावी लागते, आणि सुरीचं टोक कुठवर गेलं ते अंक बाहेर आल्यावर कळतं. खोक्याच्या जोडांवर दोन इंच रुंद टेप नीट बसवली की पुरते. सँडविचच्या टेपचं प्रत्येक टोक दुमडून ठेवा आणि पुठ्ठ्यावर पेनने लिहा: ‘इथून ओढा, सुरी नको’. आत एक चिठ्ठी असू द्या, अंकांची यादी आणि दोघांचे पत्ते असलेली. बाहेरचं लेबल फाटलं तर तिचाच आधार असतो.

पॅक करताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा, कोपरे आणि स्पाइन जवळून. घेणाऱ्यालाही आधीच दोन गोष्टी कळवा. पार्सल फार थंड जागेतून आलं असेल तर काही तास तसंच बंद राहू द्यावं, नाहीतर गार पिशवीवर हवेतलं बाष्प जमतं. आणि काही बिघडलेलं दिसलं तर खोका, पुठ्ठा, भराव यातलं काहीही फेकू नये. विम्याचा दावा करायचा झाला तर तेच आधी दाखवावं लागतं.