मित्राला प्रभूबद्दल सांगायचंय? आधी त्याचं ऐका

कोल्हापुरात आपल्या विश्वासाबद्दल बोलायची वेळ चर्चमध्ये कमी आणि बाहेरच जास्त येते. मिसळ खाताना, रंकाळ्यावर फिरताना, नाहीतर कुणाचं माणूस अ‍ॅडमिट असलं की. समोरचा सहज विचारतो, "तुमच्यात मूर्ती नसते मग हात कुणाला जोडता?" आणि आपण एकतर विषय बदलतो नाहीतर तिथंच उपदेश चालू करतो. दोन्ही नको. विचारलंय तेवढंच सांगा, आणि स्वतःचं सांगा. मला भीती वाटली तेव्हा बायबलमधलं 23वं स्तोत्र, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे", कसं धरून ठेवलं हे सांगितलं तर माणूस ऐकतो, मेंढपाळ म्हणजे काय हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगायला लागत नाही, धनगराचा कळप सगळ्यांनी बघितलेला असतो.

माझी एक चूक सांगतो. मित्राचे वडील आयसीयूत होते, मी गेलो आणि बाहेरच्या बाकड्यापाशी उभा राहून बायबलमधली वचनं सांगत सुटलो, वीसेक मिनिटं तरी. त्याची आई सकाळपासून चहासुद्धा न घेता बसलेली, नजर सगळी त्या काचेच्या दाराकडं, आणि मला ते दिसलंच नाही! मित्र नंतर म्हणाला, "आलास बरं वाटलं, पण बोलतच राहिलास लेका." आजही ते आठवलं की वाईट वाटतं. तेव्हापासून आधी चहा, डबा, औषधं आणायची असतील तर ती, मग विचारायचं "प्रार्थना करू का?" हो म्हणाले तर दोन-तीन वाक्यं, पेशंटचं नाव घेऊन, साध्या मराठीत. नको म्हणाले तर शेजारी बसायचं. आणि "प्रभूकडं ये, बरा होशील" असा शब्द कधीच देऊ नका, औषध बंद करायला तर अजिबात सांगू नका.

दुसऱ्याच्या देवाबद्दल वाकडं बोलायचं नाही. मित्र दर शुक्रवारी आईला घेऊन अंबाबाईला जातो, तिथं तुम्ही बोट घातलं की पुढचं काही ऐकूनच घेणार नाही. बायबलमध्ये पेत्राच्या पहिल्या पत्रात 3:15 ला हेच आहे, आपल्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्या पण सौम्यतेनं. घाईही नको, कवी ना. वा. टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यानंतर पाच वर्षं लागली, आणि त्या घरातल्याच होत्या.

तो स्वतःहून "एकदा येऊ का रविवारी" म्हणाला तर आदल्या दिवशीच सगळं सांगून ठेवा. उपासना किती वेळ चालते, कधी उभं राहायचं, अर्पणाची थैली आली तर काही टाकलंच पाहिजे असं नाही. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेणं, असेल तर ते मंडळीतल्या बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं, त्यानं नुसतं बसून राहिलं तरी चालतं, हे आधी नाही सांगितलं तर भाकर आणि प्याला समोर आल्यावर बिचारा गोंधळतो. त्याला शेजारी घ्या, गीताचा नंबर सांगितला की पुस्तक उघडून हातात द्या. पेटी-तबल्यावर टिळकांचं भजन लागलं तर फार काही समजवायला लागत नाही, चाल त्याच्या कानाला ओळखीचीच असते.

सुटल्यावर चारचौघांनी घेरून "मग कसं वाटलं?" करू नका. पाळकांना "हा माझा मित्र" एवढंच सांगा आणि त्याला घरी जेवायला न्या.