बी.एस्सी. आयटीचे चौथे वर्ष : ऑनर्सची तयारी पहिल्या सत्रापासून

बी.एस्सी. आयटीला प्रवेश घेताना चौथे वर्ष फार लांबचे वाटते. आधी तीन वर्षे तर होऊ देत, मग बघू, असे बहुतेक जण म्हणतात. चौथे वर्ष नुसते करायचे असेल तर हे चालून जाते. ‘संशोधनासह ऑनर्स’ (चौथ्या वर्षी प्रबंध असलेली पदवी) करायचे असेल तर मात्र चालत नाही, कारण त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के गुण लागतात आणि त्यात पहिले सत्रही आले. पहिल्या दोन सत्रांत ६२ टक्के पडले, तर उरलेल्या चार सत्रांची सरासरी साडेएक्क्याऐंशी लागते. गणित, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, प्रोग्रॅमिंगची ओळख या पहिल्या वर्षाच्या पेपरांत केटी लागली, म्हणजे नापास होऊन पेपर पुन्हा द्यावा लागला, तर ती पुढे सुटते, पण काठावरचे गुण सरासरीत तसेच राहतात. म्हणून ‘फर्स्ट इयर कोण बघतं’ हे सीनियरांचे म्हणणे या अभ्यासक्रमापुरते मनावर घेऊ नका.

राष्ट्रीय शिक्षण धोरणाप्रमाणे महाराष्ट्रात चार वर्षांची पदवी स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. प्रत्येक सत्र २० ते २२ क्रेडिटचे असते. तीन वर्षांत १२० ते १३२ क्रेडिट झाली की साधी पदवी मिळते, चार वर्षांत १६० ते १७६ झाली की ऑनर्स. वर्गातल्या तासिकांचे एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास, प्रात्यक्षिकाचे एक क्रेडिट म्हणजे ३० तास. हा आकडा लक्षात ठेवा, प्रबंधाच्या नियोजनात लागेल.

चौथ्या वर्षात दोन वाटा आहेत. साध्या ऑनर्समध्ये मेजर (मुख्य) विषयाचे वरच्या पातळीचे पेपर असतात. संशोधनासह ऑनर्समध्ये १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प किंवा प्रबंध असतो. ७५ टक्क्यांची अट या दुसऱ्या वाटेला आहे. गुणपत्रिकेवर टक्क्यांऐवजी सीजीपीए (सगळ्या सत्रांच्या श्रेणीगुणांची दहापैकी सरासरी) असेल, तर आपल्या विद्यापीठाचे रूपांतराचे सूत्र आधी पाहून घ्या. सीजीपीएला दहाने गुणले की टक्के आले, हा हिशेब सगळीकडे लागू पडत नाही आणि नेमक्या या समजुतीमुळे पाचव्या-सहाव्या सत्रात धक्का बसतो.

चौथे वर्ष प्रत्येकाने करावे, असे आमचे मत नाही. एमसीए (संगणक उपयोजनांची पदव्युत्तर पदवी) करायचे असेल तर तीन वर्षांची पदवी पुरते. एमसीए दोन वर्षांचे आहे, म्हणजे एकूण पाच वर्षे होतात. ऑनर्स करून एमसीएला गेलात तर सहा होतील आणि त्या जादा वर्षाचा फारसा उपयोग होणार नाही. एम.एस्सी.चे गणित वेगळे आहे. तीन अधिक दोन किंवा चार अधिक एक, दोन्हीकडे पाचच वर्षे, फक्त एक वर्षाची एम.एस्सी. तुम्हाला हव्या त्या विभागात चालते का, हे आधी विचारून ठेवावे. अमेरिकेत एम.एस.ला जाणाऱ्यांना चौथे वर्ष थेट उपयोगी आहे, कारण तिथली बरीच विद्यापीठे सोळा वर्षांचे शिक्षण मागतात आणि बारावी अधिक तीन हे पंधराच भरतात. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर पीएच.डी.साठी पात्रता मिळते, शिवाय जून २०२४ पासून असे विद्यार्थी आठव्या सत्रात असतानाच नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला बसू शकतात. आयटीवाल्यांनी नेटला ‘कॉम्प्युटर सायन्स अँड अ‍ॅप्लिकेशन्स’ हा विषय घ्यायचा. लगेच नोकरी धरायची असेल आणि घरची गरज तशी असेल, तर तिसऱ्या वर्षानंतर पदवी घेऊन बाहेर पडण्यात काहीही कमीपणा नाही.

प्रवेशाच्या वेळी महाविद्यालयात तीन प्रश्न विचारा. चौथ्या वर्षाची मान्यता मिळाली आहे का? फक्त ऑनर्सची आहे की संशोधनासह ऑनर्सचीही? विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले कायमस्वरूपी प्राध्यापक किती आहेत? बऱ्याच ठिकाणी बी.एस्सी. आयटी हा विनाअनुदानित अभ्यासक्रम असतो आणि शिक्षक तासिका तत्त्वावर किंवा करारावर असतात. ते उत्तम शिकवतात, पण प्रबंधाच्या मार्गदर्शनासाठी मान्यता वेगळी लागते. हे तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कळले तर दुसरे महाविद्यालय शोधायला वेळ उरत नाही.

दुसरे काम क्रेडिट बँकेचे, म्हणजे मिळवलेली क्रेडिट जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्याचे. डिजिलॉकरमधून अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा १२ अंकी क्रमांक काढायला दहा मिनिटे लागतात, पण खरी अडचण नावाची असते. आपल्याकडे दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते. आधारवर बहुधा स्वतःचे नाव आधी असते, कधी वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर, कधी इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर कमीजास्त. विद्यापीठाने पाठवलेले क्रेडिट मग खात्यात दिसत नाही. आधारमधली दुरुस्ती पहिल्याच वर्षी करून घ्या आणि प्रत्येक निकालानंतर खाते उघडून त्या सत्राचे क्रेडिट जमा झाले का, ते पाहा. मध्येच शिक्षण थांबवावे लागले तर तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची असते. अशा वेळी हे खातेच कामी येते.

पहिल्या तीन वर्षांत मायनर (दुय्यम) विषय निवडताना मैत्रिणीने काय घेतले हे बघू नका. संशोधनाकडे जायचे असेल तर आमची शिफारस सरळ आहे : संख्याशास्त्र, ते नसेल तर गणित. चौथ्या वर्षी कोड लिहिणे कुणाला फारसे जड जात नाही. दोन आकड्यांतला फरक खरा आहे की योगायोगाचा, हे सांगता न येणे फार जड जाते.

एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावरचा) कोर्स क्रेडिटसाठी करणार असाल तर तो चालेल, असे विभागाकडून लेखी आधी घ्या. नावनोंदणी मोफत असते, पण परीक्षेची नोंदणी वेगळी करून शुल्क भरावे लागते. तिची तारीख हुकली की सगळे व्हिडिओ पाहूनही हाती काही येत नाही. गुण २५ असाइनमेंटचे आणि ७५ परीक्षेचे, आणि पास व्हायला दोन्हीकडे वेगवेगळे, अनुक्रमे १० व ३० लागतात. बारा आठवड्यांच्या कोर्सात बारापैकी उत्तम आठ असाइनमेंट धरतात, म्हणून पहिल्या दोन हुकल्या तरी कोर्स सोडू नका.

आता प्रबंध. प्रात्यक्षिकाच्या हिशेबाने १२ क्रेडिट म्हणजे ३६० तास, दोन सत्रांचे ३० आठवडे धरले तर आठवड्याला १२ तास. यात ‘शिक्षणक्षेत्रावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा परिणाम’ असा विषय बसत नाही, त्याला आदि-अंत नाही. विषय असा हवा की प्रश्न एका वाक्यात मावेल आणि उत्तर मोजता येईल.

एक उदाहरण जवळून बघू. ‘वऱ्हाड’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडतात. काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि मग झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. पायथनमध्ये लांबी विचारली की एकाची सहा येते, दुसऱ्याची सात. युनिकोडचे एनएफसी प्रमाणीकरण (अक्षरे एका ठरावीक रूपात आणण्याची पद्धत) लावले तरी दोन्ही एक होत नाहीत, म्हणून एका प्रकारे टाइप केलेला शब्द दुसऱ्या प्रकारच्या मजकुरात शोधला तर सापडत नाही. दऱ्या, कुऱ्हाड, तऱ्हा, सगळ्यांची हीच गत. आता प्रश्न असा मांडा : मराठी विकिपीडियाच्या मजकुरात ही दोन रूपे किती प्रमाणात आहेत आणि ती एकत्र केल्यावर शोधाचे निकाल किती सुधारतात? विकिपीडियाचा पूर्ण मजकूर मोफत उतरवून घेता येतो, रूपे एकत्र करणारा कोड शंभर ओळींच्या आत होतो आणि दोनशे शब्दांची यादी करून आधीचे व नंतरचे निकाल मोजता येतात. विषय लहान आहे, पण पूर्ण होणारा आहे आणि मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचा आहे.

३० आठवड्यांची विभागणी साधारण अशी ठेवा : सहा आठवडे वाचन आणि प्रश्न पक्का करणे, आठ माहिती गोळा करून साफ करणे, आठ प्रयोग, आठ लेखन. लेखनाला आठ म्हटले की मुलांना जास्त वाटतात, पण मार्गदर्शक एका प्रकरणावर दोन-तीनदा तरी लाल खुणा करतात. वाचनात पंधरा-वीस शोधनिबंध पुरेत. प्रत्येकाचा संदर्भ त्याच दिवशी झोटेरो या संदर्भ जपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका आणि खाली दोन ओळी लिहा : यांनी काय मोजले, काय सोडले.

बिघडते कुठे, तर बहुतेकदा मोजण्यात. बातम्यांवर मशीन लर्निंगचा (संगणकाला उदाहरणांवरून शिकवण्याचा) प्रकल्प असेल तर एकाच बातमीची वाक्ये प्रशिक्षणातही आणि चाचणीतही जातात, मग अचूकता ९८ टक्के येते आणि आनंद होतो. तो आकडा खोटा आहे, कारण चाचणीतली बातमी मॉडेलने प्रशिक्षणातच पाहिलेली असते. आधी बातम्या वेगळ्या करा, मग वाक्ये. शंभरातली नव्वद उदाहरणे एकाच प्रकारची असतील, तर काहीही न शिकता नेहमी तेच उत्तर देणारा प्रोग्रॅमसुद्धा ९० टक्के अचूक ठरतो. म्हणून आधी अशा काहीही न शिकलेल्या प्रोग्रॅमची अचूकता मोजा, मग आपली पद्धत त्याच्याशी ताडून बघा. प्रयोग एकदा चालवून थांबू नका. पाच वेगवेगळ्या सीडवर (यादृच्छिक निवडीच्या सुरुवातीच्या आकड्यांवर) चालवा आणि सरासरीबरोबर फरकही द्या. माणसांकडून वर्गीकरण करून घेत असाल तर निदान दोघांकडून, एकमेकांचे न बघता करून घ्या आणि दोघांचे एकमत कोहेनच्या कॅप्पाने (योगायोगाचे एकमत वगळून काढलेल्या मापाने) मोजा.

गूगल कोलॅबच्या (ब्राउझरमधून कोड चालवण्याच्या सेवेच्या) मोफत सत्रावर प्रयोग चालवणार असाल तर ते मध्येच तुटणार, हे धरूनच कोड लिहा. दर फेरीनंतर मॉडेल ड्राइव्हवर जतन करा. कोड पहिल्या दिवसापासून गिटवर, म्हणजे प्रत्येक आवृत्ती जपणाऱ्या प्रणालीत, असू दे. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ अशा फोल्डरांतून कोणता तक्ता कोणत्या कोडने आला, हे मार्चमध्ये सांगता येत नाही.

साहित्यचौर्याचे नियम यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१८ मध्ये ठरवून दिले आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही. १० ते ४० टक्क्यांपर्यंत प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यायचा. ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष प्रबंध देता येत नाही, ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. साम्य बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकरणात, आधीच्या संशोधनाच्या आढाव्यात सापडते, कारण तिथे गोषवारे उचलून जोडलेले असतात. शोधनिबंध मिटवून, वर सांगितलेल्या दोन ओळींच्या टिपणावरून लिहिले की ही अडचण येत नाही.

तोंडी परीक्षेत मॉडेलच्या बारकाव्यांपेक्षा साधे प्रश्न जास्त येतात. हीच माहिती का घेतली? ही संख्या कुठून आली, आत्ता काढून दाखवता का? चुकलेली दहा उदाहरणे कोणती? या शेवटच्या प्रश्नासाठी चुकलेल्या उदाहरणांचा छापील कागद सोबत न्या, प्रत्येकापुढे चूक का झाली असावी, ते पेनाने लिहून.