युद्धपूर्व जपानी मासिकांतल्या ×× खुणा कशा वाचायच्या

1920-30च्या दशकांतलं डाव्या विचारांचं जपानी मासिक उघडलं की ओळीओळीत ××, ○○ किंवा नुसती टिंबं दिसतात. याला फुसेजी म्हणतात. या फुल्या पोलिसांनी मारलेल्या नसतात. छपाईआधी संपादकच शब्द काढून तिथे फुली बसवी. 1909च्या वृत्तपत्र कायद्याखाली गृहमंत्रालय निघालेल्या अंकावर बंदी घाली, अंक जप्त होत आणि घातलेला पैसा बुडे. 1928 मध्ये शांतता-रक्षण कायद्यात (डाव्या चळवळी दडपण्याचा कायदा) फाशीची तरतूद आली. त्या वर्षीच्या कम्युनिस्टांच्या धरपकडीतल्या छळावर कथा लिहिणारा कोबायाशी ताकिजी 1933 मध्ये त्सुकिजी पोलिस ठाण्यात छळाने मेला. पानावर दिसते ती ही दहशत.

आधी फुल्या मोजा. बहुधा एका अक्षराला एक फुली असते. ‘क्योसान्तो’ (कम्युनिस्ट पक्ष) तीन कांजींचा (कांजी म्हणजे चिनी मूळची अक्षरं), ‘काकुमेइ’ (क्रांती) दोन कांजींचा. पण ‘तेन्नो’ (सम्राट) आणि ‘गुन्ताई’ (सैन्य) हेही दोनच कांजींचे. नुसत्या आकड्यावर विसंबलात तर हमखास फसाल.

मग फुलीला चिकटून उरलेली ‘काना’ अक्षरं (उच्चार दाखवणारी जपानी अक्षरं) बघा. क्रियापदाचं शेपूट बऱ्याचदा तसंच राहिलेलं असतं. एका फुलीपुढे ‘सु’ असेल तर ‘कोरोसु’ (ठार मारणे) बसतं आणि ‘ताओसु’ (उलथून टाकणे) सुद्धा. अशा वेळी कर्म काय आहे ते बघा: सरकार ‘उलथतं’, कामगार ‘मारला जातो’. युद्धवार्तांमधलं ○○ मात्र वेगळं. तिथे बहुधा लष्करी गुप्ततेपोटी तुकडीचं किंवा ठिकाणाचं नाव झाकलेलं असतं, राजकीय अर्थ शोधत बसू नका.

पानांचे क्रमांकही तपासा. काही अंक आक्षेपार्ह पानं कापून मगच विक्रीला सोडले जात.

युद्धानंतरच्या आवृत्तीशी ताडून पाहताना सगळ्यात जास्त चुका होतात. तिथला ‘पूर्ण’ मजकूर मूळ हस्तलिखितावरून घेतलाय की आठवणीतून भरलाय, ते प्रस्तावनेत शोधा. 1945 ते 1949 मधली आवृत्ती असेल तर दुप्पट सावध राहा: अमेरिकी ताबा-प्रशासनाची सेन्सॉरशिप कापाकापीची खूणही छापू देत नव्हती, त्यामुळे सलग दिसणारं पानही कापलेलं असू शकतं.

स्वतःचा अंदाज चौकोनी कंसात लिहा, शेजारी मूळ फुल्यांची संख्या ठेवा. दोन शब्द बसत असतील तर दोन्ही नोंदवा.