वजनाचा काटा अडलाय? भात सोडण्याआधी खोबरं तोला

माझं वजन ८४ वरून ७६ किलोवर आलं आणि तिथेच सात आठवडे बसून राहिलं. त्या सात आठवड्यांत मिळालेले सल्ले असे: भात बंद कर, सकाळी जिऱ्याचं पाणी पी, रात्री फक्त पपई खा. भात मी अकरा दिवस सोडला. बाराव्या दिवशी सुंगटांच्या (कोळंबीच्या) हुमणाबरोबर, म्हणजे खोबऱ्याच्या वाटणाच्या आमटीबरोबर, तीन वेळा वाढून घेतला. म्हणून हा सल्ला देणाऱ्यांवर माझा राग आहे.

आधी खरंच अडलंय का ते बघा

आठ-दहा दिवस काटा हलला नाही, तर त्याला अडणं म्हणत नाहीत. रोज सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. अशा चार सरासऱ्या एकाच जागी असतील तरच पुढचं वाचा. आदल्या रात्री सुक्या बांगड्याची किसमूर आणि लोणचं झालं असेल, तर मिठामुळे शरीरात पाणी धरलं जातं आणि किलोभर सहज वाढलेलं दिसतं. बायकांनी पाळीच्या आधीचा आठवडा मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडून बघावा.

मेटाबॉलिझम ‘बंद’ पडलेलं नाही

कमी खाल्लं की शरीर घाबरून चरबी सोडतच नाही, असं सांगणारे गावोगाव भेटतात. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांच्या शरीराने खर्च आवरता घेतला हे खरं, पण वजनं सुमारे पाव हिश्श्याने उतरलीच. आपलं होतं ते साधं आहे. माझ्या अंगावरचं आठ किलोचं ओझं गेलं, म्हणजे तीच चाल, तोच जिना, तीच झोप आता कमी कॅलरींत होते. त्यात जेवण कमी केलेला माणूस नकळत बसतोही जास्त. पहिल्या महिन्यात ज्या ताटाने वजन उतरलं, तेच ताट आता फक्त वजन टिकवतं. आणि ताटही तेच उरलेलं नसतं, हळूहळू वाढलेलं असतं.

सात दिवस तोलून खा

इथेच मी फसले होते, म्हणून इथे जरा थांबते.

पहिल्या वेळी मी दिवसभराचं खाणं रात्री आठवून लिहिलं. वहीत सगळं सोज्वळ. चार वाजता ऑफिसखाली घेतलेली मिरची भजी नाही, मुलाच्या ताटातली उरलेली अर्धी पोई (कोंडा लावलेला गोव्याचा पाव) नाही, हुमण चाखताना पोटात गेलेले दोन डाव नाहीत. हा रोग माझ्या एकटीचा नाही. १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला होता. काही केल्या वजन उतरत नाही म्हणणाऱ्या माणसांचं खाणं त्यात मोजलं, तर ते प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते. ती माणसं खोटारडी नव्हती. आठवणीने लिहिलं की असंच होतं. म्हणून तोंडात घालायच्या आधी लिहा.

दुसऱ्या वेळी मी मोजायच्या आठवड्यातच शहाण्यासारखी जेवले. तो आठवडा फुकट गेला. हे सात दिवस काहीही कमी करू नका, रविवार आणि पाहुणचार त्यात येऊ द्या.

खरी अडचण सगळ्या घराच्या एका टोपाची आहे. परदेशी ॲपमध्ये ‘फिश करी’ शोधून जो आकडा येतो, त्याचा आपल्या हुमणाशी काही संबंध नसतो. मी करते ते असं. रिकामा टोप तोलून ठेवायचा. नारळ खवून झाला की वाटणाआधी खोबरं तोलायचं. हुमण शिजल्यावर टोप पुन्हा तोलून रिकाम्याचं वजन वजा करायचं, मग आपली वाटी तोलायची. समजा हुमण १२०० ग्रॅम झालं आणि त्यात २०० ग्रॅम खोबरं आहे. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण ३५० कॅलरी असतात, म्हणजे टोपात खोबऱ्याच्याच ७००. मी दोनदा वाढून घेत होते, ते ४०० ग्रॅम भरलं. त्यात सव्वादोनशेहून जास्त कॅलरी आल्या, मासा आणि भात वेगळा. जिच्यापायी भाताला शिव्या घालत होते, ती गोष्ट भातावर ओतलेली होती.

तेलाला चमचे मोजू नका, तव्यावर कोणी चमचा धरत नाही. सोमवारी सकाळी तेलाचा डबा तोला, रविवारी रात्री पुन्हा तोला, फरकाला घरातल्या माणसांनी आणि सातने भागा. आम्हा चौघांचा फरक १२०० ग्रॅम निघाला. माणशी दिवसाला ४३ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ३९० कॅलरी. रवा लावलेला इसवण (सुरमई) किती तेल पितो, हे मला तेव्हा कळलं.

सासूबाई दोन दिवस बघत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “गो, स्वयंपाकघर आहे की वाण्याचं दुकान?” वाद घालू नका. चौथ्या दिवसापासून आदोळीवरून (नारळ खवायच्या विळीवरून) उठताना त्या स्वतःच खोबऱ्याची ताटली काट्यावर ठेवायला लागल्या.

मग कापा, पण दोनच जागी

एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. दिवसाला २५० कमी केल्या तर महिन्याला किलोभर उतरतं, याहून घाई नको. टोपातलं खोबरं मी कमी केलं नाही, घरच्यांना शिक्षा कशाला? मी माशाच्या तुकड्या दोन घेते आणि वरचा रस एकच डाव. नारळाच्या रसाच्या सोलकढीऐवजी फुटी कढी, म्हणजे नारळाशिवायची कोकमाची कढी. रवा लावलेला मासा आठवड्यातून दोनदा, एरवी तिखट-मीठ लावून चमचाभर तेलात. भात एक वाटी, रोज. पाच आठवड्यांत ७६ चे ७४.६ झाले.

मासा कमी करू नका, प्रथिनांनी पोट धरतं. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा आणि श्रावणात अंडी (चालत असतील तर), मूग, अळसांदे (गोव्याची मोठी चवळी) यांवर भर द्या. कोंडा दिसतो म्हणून पोई हलकी समजू नका. आजकाल बऱ्याच ठिकाणी कोंडा वरून भुरभुरलेला आणि आत मैदा असतो. फेणीचे ६० मिलिलिटर म्हणजे सुमारे १४० कॅलरी, त्याही वहीत लिहा.

चालणं वाढवा. मी पणजीत जेवणाच्या सुट्टीत आल्तिनोचा चढ चढते, पावसात घरचा जिना. आठवड्यातून दोनदा उठाबशा आणि वजनं.

तरीही हललं नाही तर

दोन महिने नीट मोजूनही काटा तिथेच असेल, तर दोन आठवडे वजन टिकेल एवढं पोटभर जेवा, मग पुन्हा कमी करा. थायरॉइड तपासून घ्या. स्टिरॉइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी आपल्या मनाने ताट बदलू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते.

आणखी तीन-चार किलो उतरले की तीन दिवस पुन्हा तोला, कारण शरीर पुन्हा लहान झालेलं असतं. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवसांत मात्र काटा कपाटात ठेवा. नेवऱ्या (करंज्या) संपल्यावर दहा दिवसांनी काढा.