आमसुलाच्या रंगाचा सोलर सेल कसा बनवायचा

दरवर्षी जूनमध्ये बीएस्सी फायनलची दोन-तीन पोरं स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहतात. "मॅडम, सोलर सेलवर प्रोजेक्ट करायचाय." कुठला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "जांभळाचा." कपिलतीर्थ मार्केटात तेव्हा जांभळाच्या पाट्या लागलेल्या असतात, बोटं रंगलेली असतात, त्यामुळं तेच सुचतं. मी त्यांना तोंडी जे सांगते ते या वेळी लिहून काढतेय.

एम.एस्सी.ला मीही जांभळंच घेतली होती. चुरगळून दाट रस काढला, पांढरा लेप दिलेली काचेची प्लेट त्यात रात्रभर बुडवली, सकाळी ती काळीभोर झालेली बघून फार आनंद झाला. मीटरवर करंट मात्र नावालाच. चार दिवस वायरी तपासण्यात गेले. शेवटी प्लेट स्पिरिटनं धुतली, तर सगळा रंग वाहून गेला आणि खाली पांढरा लेप जसाच्या तसा. रंग बसलाच नव्हता, साखरेसकट वरवर चिकटला होता. तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे: बुडवल्यावर दिसतो तो रंग मोजू नका, धुतल्यावर उरतो तो मोजा.

याचं कारण सेलच्या कामात आहे. टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी पूड फक्त अतिनील किरण शोषते, दिसणारा उजेड तिच्या उपयोगाचा नाही. म्हणून तिच्या कणांवर रंगाचे रेणू बसवायचे. रेणूवर प्रकाश पडला की त्यातला इलेक्ट्रॉन उडी मारून कणात शिरतो, तिथून काचेत, वायरीत, आणि फिरून दुसऱ्या काचेवर येतो. दोन काचांमधलं आयोडीनचं द्रावण तो रेणूला परत देतं. ती पहिली उडी व्हायला रेणूनं कणाला बंधानं घट्ट धरलेलं लागतं. ब्रायन ओरेगन आणि मायकेल ग्रेट्झेल यांनी १९९१ साली स्वित्झर्लंडमध्ये असा सेल ७ टक्क्यांच्या आसपास चालवून दाखवला. त्यांनी रुथेनियमचा रंग वापरला होता. त्या रेणूला धरून बसायला कार्बोक्सिल गट मुद्दाम जोडलेले असतात. आपल्याला तोच गुण फळात शोधायचा आहे.

आमसूल तिथं कामाला येतं. कोकमाच्या लाल रंगात सायनिडिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि त्याच्या रेणूतल्या अणूंच्या कड्यावर दोन ओएच गट अगदी शेजारी-शेजारी असतात. खेकड्यानं नांगीत बोट पकडावं तसे ते दोघं मिळून टायटॅनियमला पकडतात. जांभळाच्या रंगात मॅल्विडिनही मिसळलेलं असतं, त्याला अशी जोडी नाही, तेवढा भाग धुण्यात जातो. गगनबावड्याच्या घाटाखालून कोल्हापुरात कोकम भरपूर येतं. दुकानदाराला बिनमिठाचं मागा, मिठाचं नको.

रंग काढायचा तो असा. १० ग्रॅम आमसूल बारीक कापून ५० मिली ७० टक्के इथेनॉलमध्ये टाका, वर दोन-तीन थेंब सौम्य ॲसेटिक ॲसिड. झाकून रात्रभर अंधारात ठेवा आणि फिल्टर पेपरमधून दोनदा गाळा. गाळण्यात आळस नको, गर राहिला तर लेपाची छिद्रं बुजतात. उकळू तर अजिबात नका, हा रंग उष्णतेनं मरतो.

आता लेप. पूड पी-२५ प्रकारची, सुमारे २१ नॅनोमीटर कणांची घ्या. तिच्या एका ग्रॅमला साधारण ५० चौरस मीटर पृष्ठभाग असतो, म्हणजे राजारामपुरीतल्या एखाद्या वन-बीएचके फ्लॅटएवढी जागा. रेणू एवढ्या जागेवर बसणार असतात, म्हणून तर बोटभर लेप पुरतो. ६ ग्रॅम पूड खलात घ्या, मास्क लावा, आणि ९ मिली सौम्य ॲसेटिक ॲसिड (पीएच ३ ते ४) एकेक मिली करत घाला. प्रत्येक मिलीनंतर घोटायचं. एकूण अर्धा तास तरी लागतो. आधी गोळे होतात, मग चुन्यासारखं, शेवटी श्रीखंडाच्या चक्क्यापेक्षा थोडं पातळ आणि चकचकीत. बत्त्याखालची करकर थांबली की झालं. शेवटी साबणाच्या द्रावणाचा एक थेंब घालून हलक्या हातानं ढवळा, फेस करू नका.

काच एफटीओची लागते, म्हणजे फ्लोरिन मिसळलेल्या टिन ऑक्साइडचा पारदर्शक थर दिलेली. तिची एकच बाजू वीज वाहून नेते आणि डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. मल्टिमीटरनं रेझिस्टन्स बघा: ज्या बाजूला काही दहा ओहम दाखवतं ती आपली. लगेच मागच्या बाजूला मार्करनं फुली मारा. उलट्या बाजूला लेप देऊन आठवडा घालवलेले गट मी पाहिलेत. काच स्पिरिटनं पुसा, बाजूंना सेलोटेप लावून मध्ये २ बाय २ सेंटीमीटर जागा मोकळी सोडा. एका कडेला लेपाचे तीन थेंब टाका, काचेची कांडी आडवी धरून एकाच दमात खाली ओढा. मागं-पुढं घासलं की रेघा उमटतात. बिघडलं तर पुसून पुन्हा करा, दुरुस्ती करत बसू नका.

पाच-दहा मिनिटं वाळू द्या, टेप काढा, आणि मफल फर्नेसमध्ये ४५० अंशांवर अर्धा तास. तापताना व्हिनेगरचा वास सुटतो, लेप कडेपासून तपकिरी पडतो, आणि मग साबण वगैरे जळून गेल्यावर पुन्हा पांढरा होतो. तपकिरी बघून घाबरून भट्टी बंद करू नका. उघडायची घाई तर मुळीच नको, काच टचकन तडकते. भट्टी बंद करून घरी जा, सकाळी काढा.

आपल्याकडं पावसाळ्यात एक अडचण हमखास येते. ढग गगनबावड्यावरून कोल्हापुरात उतरले की लॅबमधल्या भिंतीसुद्धा ओल्या लागतात, आणि रात्रभर थंड झालेला लेप हवेतलं पाणी पिऊन बसतो. रंगाला मग जागा उरत नाही. म्हणून बुडवण्याआधी प्लेट १०० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं तापवा, हाताला सोसेल इतपत कोमट झाली की रंगात सोडा. गरम प्लेटजवळ स्पिरिटची बाटली उघडी ठेवू नका.

इथं थांबून बघा, कारण मला या सगळ्यात हेच सर्वांत आवडतं. बाटलीतला रंग लाल आहे. दहा-वीस मिनिटांत पांढरा लेप रंगू लागतो, पण लाल होत नाही, जांभळट होतो. सायनिडिननं टायटॅनियमला धरलं म्हणून त्याचा रंग बदलला. बंध जुळल्याची ही खूण, कुठल्याही यंत्राशिवाय दिसणारी. तासाभरानं प्लेट काढा, आधी पाण्यानं, मग स्पिरिटनं धुवा, टिपून कोरडी करा. जांभळी छटा टिकली तर पुढं जा.

दुसऱ्या काचेच्या वाहक बाजूवर ६बी पेन्सिल दाबून घासा, मध्ये पांढरं काही राहू नये. द्रावणासाठी १० मिली इथिलीन ग्लायकॉलमध्ये ०.८३ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि ०.१२७ ग्रॅम आयोडीन विरघळवा, हातमोजे घालून. दोन्ही काचा लेपाकडच्या बाजूनं समोरासमोर ठेवा, अर्धा सेंटीमीटर सरकवून, म्हणजे क्लिप लावायला कडा मिळतात. बाइंडर क्लिपांनी दाबा, फटीला दोन थेंब लावा. द्रावण आपोआप आत ओढलं जातं, ते सरकताना दिसतं. कडा नीट पुसा, नाहीतर मगरचिमटे गंजतात.

मोजताना रंगाची प्लेट सूर्याकडं आणि मीटरच्या काळ्या वायरला, पेन्सिलची लाल वायरला. ०.३ ते ०.५ व्होल्ट आले तर सेल ठीक आहे. पण एवढ्यावर प्रोजेक्ट लिहू नका, कमकुवत सेलही व्होल्टेज दाखवतो. १ किलोओहमचा पोटेन्शिओमीटर (फिरवून बदलता येणारा रेझिस्टन्स) जोडून फिरवत जा, दहा-बारा ठिकाणी व्होल्ट आणि मिलिअँप लिहा, दोन्हींचा गुणाकार जिथं सर्वांत मोठा तो घ्या. समजा ०.६ मिलिवॉट आले. भर उन्हाचे दर चौरस सेंटीमीटरला १०० मिलिवॉट धरले तर ४ चौरस सेंटीमीटरवर ४०० पडतात, म्हणजे कार्यक्षमता ०.१५ टक्के. फळांच्या रंगाला एवढीच येते, आकडा लपवू नका, वाढवू तर नकाच. परीक्षकाला प्रामाणिक ०.१५ पटतो. याच पद्धतीत पॉर्फिरिनचा (हरितद्रव्याच्या जातीचा) रेणू घडवून २०१४ साली १३ टक्के गाठलेत, आणि जपानमध्ये त्सुतोमु मियासाका या संशोधकाच्या गटानं २००९ साली रंगाच्या जागी पेरोव्स्काइट हा स्फटिकी पदार्थ बसवून ३.८ टक्क्यांनी सुरुवात केली. आपल्या शिवाजी विद्यापीठातही थिन फिल्मवर, म्हणजे पदार्थांच्या अतिपातळ थरांवर, वर्षानुवर्षं काम चालत आलंय. पुढं जायचं असेल तर तिथल्या विभागांत जाऊन बसा, विचारा, लोक सांगतात.

एक तुलना जरूर करा: एक प्लेट आमसुलाची, एक जांभळाची, दोन्ही धुण्याआधी आणि धुतल्यानंतर मोबाईलवर एकाच उजेडात फोटो काढून ठेवा. माझ्या पाहण्यात या चार फोटोंनी तोंडी परीक्षेत जितकं काम केलंय तितकं पन्नास पानांच्या रिपोर्टनं केलेलं नाही.

दोन-तीन दिवसांत करंट पडेल. आधी द्रावणाचा एक थेंब घालून बघा, बहुतेक वेळा ते नुसतं सुकलेलं असतं. तरीही उठला नाही तर क्लिपा सोडा, पण काच फेकू नका, ती महाग येते. लेपाची प्लेट स्पिरिटनं धुऊन पुन्हा ४५० अंशांवर अर्धा तास ठेवा. रंग जळून जातो, लेप पांढराशुभ्र होऊन बाहेर येतो, आणि पुढच्या गटाला तीच प्लेट देता येते.