मुलांमधला सिस्टिमिक स्क्लेरोसिस किती सक्रिय आहे? मोजताना या चुका टाळा

"मॅडम, स्कोअर किती झाला की आजार ॲक्टिव्ह समजायचा?" सिस्टिमिक स्क्लेरोसिस म्हणजे कातडी आणि आतले अवयव कडक करत नेणारा आजार. नवा रेसिडेंट आला की पहिल्या आठवड्यात हा प्रश्न येतोच. त्याला एक आकडा हवा असतो, म्हणजे पुढचा विचार करायला नको. मोठ्या माणसांसाठी तसा आकडा आहे. २०१७ साली सुधारलेल्या युरोपीय निर्देशांकात १० पैकी २.५ गुण झाले की आजार सक्रिय धरतात. पण तो मोठ्यांच्या नोंदींवर बेतलेला आहे. आठ वर्षांच्या मुलीला तो लावणं म्हणजे आईचं पोलकं लेकीला घालण्यासारखं आहे. अंगावर चढतं खरं, पण बसत नाही.

आधी धग आणि राख वेगळी करा. आजार आत्ता पेटलेला आहे का, हा एक प्रश्न आणि आजवर काय काय जळून गेलं, हा दुसरा. वाकून बसलेली बोटं, बोटांच्या टोकांवरचे जुने खड्डे आणि झिजलेली टोकं ही राख झाली. गेल्या महिन्याभरातला नवा व्रण, नव्याने आवळलेली कातडी, मनगट हलवताना हाताला लागणारी कंडऱ्यांची करकर आणि घटलेलं वजन ही धग. मुलांसाठी २०१२ साली आलेला जे-फोर-एस हा स्कोअर नऊ अवयवसंस्था बघतो, पण तो आजाराची तीव्रता मोजतो, सक्रियता नव्हे. तरीही फायलीत 'ॲक्टिव्हिटी' या मथळ्याखाली तो लिहिलेला मला दर महिन्याला दिसतो. मग राखेवर पाणी ओतायचे उद्योग सुरू होतात, म्हणजे न परतणाऱ्या नुकसानासाठी औषधं वाढवली जातात. माझ्या तक्त्यात दोन उभे रकाने असतात, 'नवं' आणि 'जुनं'. पद्धत गावठी आहे, पण कामाची आहे.

आता त्वचेचा रॉडनान स्कोअर, म्हणजे कातडी चिमटीत धरून ती किती जाड लागते याचे गुण. माझा सगळ्यात जास्त जीव इथेच जातो. शरीरावरच्या १७ जागा, प्रत्येकीला ० ते ३ गुण, एकूण ५१. ऐकायला सोपं वाटतं म्हणून लोक पाच मिनिटांत उरकतात.

एका अकरा वर्षांच्या मुलीचा स्कोअर मार्चमध्ये १७ होता आणि जूनमध्ये २३ लिहून आला. सहा गुणांची वाढ म्हणजे औषध पुरेसं पडत नाही, असं ठरलं आणि पुढच्या, जास्त जड औषधाची चर्चा चालू झाली. मुलगी मात्र बरी दिसत होती. वजन वाढलेलं, बोटांवर नवीन काही नाही. मार्चची तपासणी एका डॉक्टरने केली होती, जूनची दुसऱ्याने. मी दोघांना एकाच सकाळी बोलावलं, हातात कोरे कागद दिले, एकमेकांशी बोलायचं नाही असं बजावलं आणि दोघांना तीच मुलगी तपासायला लावली. एकाचा स्कोअर आला १७, दुसऱ्याचा २३. एक जण त्या भागातली सर्वसाधारण कातडी बघून गुण देत होता आणि दुसरा शोधून शोधून सर्वांत कडक ठिकाणी चिमूट घेत होता. आजार जिथल्या तिथे होता, चिमूट घेणारा हात तेवढा बदलला होता. मुलगी वैतागून म्हणाली, "अजून किती जण चिमटे काढणार?" तिचं काही चुकत नव्हतं.

मोठ्यांवरच्या अभ्यासांतही दोन अनुभवी तपासणाऱ्यांमध्ये चार-पाच गुणांची तफावत पडते. त्यामुळे शक्यतो एका मुलाला एकच हात. हात बदलणारच असेल तर त्या भेटीत दोघांनी एकत्र तपासायचं. मागचा स्कोअर आधी वाचायचा नाही, कारण तो वाचला की बोटं त्याच आकड्याकडे झुकतात. फक्त बेरीज लिहू नका, सतराही चौकोन भरा. २० वरून २० आला म्हणजे काहीच बदललं नाही असं नसतं. हात सैल होऊन पोट आवळलेलं असू शकतं आणि बेरजेला ते कळत नाही. माझे हात थंड असतील तर मी आधी चोळून घेते. थंड हात लागला की मूल अंग आखडतं आणि सगळी कातडी कडक लागते.

याच्याच पोटात आणखी एक चूक असते. निरोगी मुलांमध्ये हा स्कोअर शून्य येत नाही, हे २००६ मध्येच दाखवून झालंय. गुबगुबीत दंडाची घडी जाड लागते, म्हणून ती कातडी आजारी ठरत नाही. म्हणून एकट्या आकड्याला मी फार किंमत देत नाही, त्याच मुलाच्या मागच्या आकड्याशी ताडून बघते. उलट बाजूही आहे. काही वर्षांनी कातडी पातळ होऊन खाली चिकटून बसते आणि स्कोअर आपोआप उतरतो. त्याचं श्रेय औषधाला देऊन मोकळं होऊ नये. फुप्फुसाचा आजार तेव्हाही आतून पुढे सरकत असू शकतो.

फुप्फुसावरून आठवलं. एका मुलाची एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन जोराने बाहेर फुंकलेली हवा, १.६० लिटरवरून वर्षभरात १.७२ झाली. अहवालात उंची-वयाच्या मानाने अपेक्षित प्रमाण ८६ टक्क्यांवरून ९२ वर गेलेलं. सगळे खूश. मला खटकलं ते वेगळंच. मुलाची पँट घोट्याच्या बरीच वर आली होती. उंची विचारली तर यंत्रात १३० सेंटिमीटर भरलेली, मागच्या वर्षीचीच. तंत्रज्ञाने जुनी नोंद पुढे ढकलली होती. भिंतीशी उभं करून मोजलं, १३९ निघाली. नव्या उंचीने आणि वयाने गणित केल्यावर ९२ चे ७६ टक्के झाले. मूल वाढलं होतं, फुप्फुस त्याच्याबरोबर वाढलं नव्हतं. एचआरसीटीत, म्हणजे छातीच्या बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये, फुप्फुसाच्या खालच्या भागात नवे बदल दिसले.

तेव्हापासून स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे या फुंकायच्या तपासणीच्या दिवशी उंची मी स्वतः मोजते. कंटाळवाणं काम आहे, तरी करते. गुडघे आखडलेले असतील तर उंची कमी भरते, आणि कोपरं वाकलेली असतील तर उंचीऐवजी मोजायचा हातांचा पसाराही उपयोगाचा नाही. अशा वेळी आकड्याशेजारी तसं स्पष्ट लिहायचं. तोंड नीट उघडत नसलेल्या मुलाच्या ओठांच्या कडेने हवा निसटते, तेही बघायचं. पहिल्या दमात फुंकलेला आकडा कधीही घेऊ नका, मुलाला आधी खेळवून फुंकायला शिकवावं लागतं. डीएलसीओ, म्हणजे फुप्फुसातून रक्तात वायू किती शिरतो याचं माप, वाचताना हिमोग्लोबिन बघा, रक्त कमी असेल तर तो तसाही खाली येतो. आणि एफव्हीसी चांगली आहे म्हणून सुरुवातीचा एचआरसीटी टाळणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, फक्त तो करून घेते.

रक्तातली सूज दाखवणारी सीआरपी नॉर्मल म्हणजे आजार शांत, हे डोक्यातून काढून टाका. या आजारात सीआरपी आणि तशीच दुसरी तपासणी ईएसआर पुष्कळदा गप्पच असतात.

नखांच्या कडेच्या केशवाहिन्यांच्या तपासणीत 'ॲक्टिव्ह पॅटर्न' असा शब्द येतो. तो रक्तवाहिन्यांच्या चित्राचं नाव आहे. तो वाचून संपूर्ण आजार सक्रिय ठरवू नका.

हिवाळ्यातले रेनॉडचे झटके, म्हणजे थंडीने बोटं पांढरी-निळी पडणं, उन्हाळ्यातल्या झटक्यांशी ताडू नका.

सहा मिनिटं चालवताना ऑक्सिमीटर बोटाला लावला तर रेनॉडच्या गार बोटावर आकडा खोटा येतो. कानाला किंवा कपाळाला लावायचा वापरा.

सात वर्षांच्या मुलाचा १२०/८० रक्तदाब 'नॉर्मल' लिहिणाऱ्यांना मी वय, लिंग आणि उंचीचा तक्ता हातात देते. या आजारातला मूत्रपिंडाचा झटका, म्हणजे दाब एकदम चढून मूत्रपिंड निकामी होऊ लागणं, मुलांत क्वचित येतो, पण येतो तेव्हा थांबून विचार करायला वेळ देत नाही. स्टेरॉइड चालू असेल तर दाब प्रत्येक भेटीला.

रोजची कामं मुलाला किती जमतात हे विचारणारी सी-हॅक प्रश्नावली एकदा आईने, एकदा बाबांनी, एकदा मुलाने भरली, तर तीन वेगळी मुलं असल्यासारखी वाटतात. भरणारा एकच ठेवा. चार वर्षांच्या मुलाला बूटाची नाडी बांधता येत नाही हा आजार नव्हे, तिथे 'लागू नाही' वर खूण करायची असते.

मॉर्फिया, म्हणजे फक्त कातडीचा ठरावीक भाग कडक करणारा आजार (औषध नव्हे), त्याच्या एका पट्ट्यावर रॉडनान स्कोअर काढलेला पाहिला की मी फाइल मिटते. तो आजारच वेगळा आहे आणि त्याची मोजपट्टी लोसकॅट हा वेगळा स्कोअर आहे.

आणि फोनवर फोटो पाठवून "स्कोअर सांगा ना, मॅडम" म्हणणाऱ्यांनो, सांगणार नाही. कातडीची घडी बोटांत धरून बघावी लागते. व्रणाशेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो मात्र मी स्वतः मागून घेते, तारखेसकट.