पिकअपचे टायर असमान झिजत असतील तर

पिकअपचा एखादा टायर एका बाजूने गुळगुळीत झालेला दिसला की पुष्कळ मालक थेट अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घेतात किंवा नवा टायर बसवतात. त्याआधी झिजलेला टायर नीट पाहून घ्यावा, कारण दोष कुठे आहे हे त्याच्या झिजण्याच्या तऱ्हेवरूनच बहुधा कळते. दोष तसाच राहिला तर नवा टायरही त्याच बाजूने झिजेल.

प्रत्येक टायरच्या खाचांची खोली आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला मोजून लिहून ठेवावी. आतली कड उभ्याने दिसत नाही, म्हणून ती वाकून किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवून तपासावी. मधला पट्टा जास्त झिजला असेल तर हवा जास्त आहे आणि दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी आहे किंवा भार क्षमतेपेक्षा अधिक आहे, असे समजावे. एकच कड सपाट झिजली असेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत किंवा बाहेर असलेला कल, बिघडल्याची शक्यता असते. खाचांवरून आडवा हात फिरवल्यावर एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने करवतीसारखे धारदार लागले तर टो, म्हणजे चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे प्रमाण, बिघडलेला असतो. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकअब्झॉर्बर, बॅलन्सिंग आणि बेअरिंग तपासावे.

हवेच्या बाबतीत पिकअपची गोष्ट कारपेक्षा वेगळी आहे. रिकाम्या गाडीत मागच्या चाकांवर भार फारच कमी असतो आणि माल भरल्यावर तो खूप वाढतो. भरलेल्या गाडीसाठी सांगितलेली हवा ठेवून महिनोन्‌महिने रिकामी गाडी चालवली, तर मागच्या टायरांचा मधला पट्टा आधी जातो. म्हणून चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेली हवा, पुढची व मागची वेगळी असल्यास तशीच, टायर थंड असताना भरावी. टायरच्या भिंतीवर छापलेला कमाल दाब ही त्या टायरची मर्यादा असते, गाडीसाठी शिफारस केलेली हवा नव्हे.

यानंतर सुटे भाग तपासावेत. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, जमिनीवरच्या चाकांना अडण लावावी आणि जॅकच्या जोडीला स्टँडही द्यावा. उचललेले पुढचे चाक वर-खाली धरून हलवल्यास बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा) किंवा बेअरिंगमधला ढिलेपणा जाणवतो, तर डावी-उजवीकडे धरून हलवल्यास टाय रॉड एंडचा, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या चाकाकडील सांध्याचा. मागे पाट्यांच्या स्प्रिंगा असतील तर यू बोल्ट (स्प्रिंग ॲक्सलला आवळणारे यू आकाराचे बोल्ट) घट्ट आहेत का आणि पाट्या एकत्र धरणारा मधला बोल्ट तुटलेला नाही ना, हे पाहणे मला फार महत्त्वाचे वाटते. कारण तो तुटला की ॲक्सल किंचित सरकतो, गाडी तिरकी धावते आणि पुढच्या चाकांचे अलाइनमेंट कितीही वेळा केले तरी गुण येत नाही. ढिले भाग बदलल्यानंतरच अलाइनमेंट करावे. गाडीची उंची वाढवली वा कमी केली असेल तर ते लगेच करून घेणे आवश्यक आहे.

दोष दूर झाल्यावर टायरांची अदलाबदल करावी आणि पुढे सुमारे 8,000 ते 10,000 किलोमीटरला ती करत राहावी. मागच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत मागचे टायर त्याच बाजूने पुढे आणावेत आणि पुढचे टायर बाजू बदलून मागे न्यावेत. भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलू नये. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असतील तर पुढे-मागे अदलाबदल करताच येत नाही.

खाचांची खोली 1.6 मिलिमीटरवर आली असेल किंवा आतल्या तारा दिसू लागल्या असतील, तर टायर बदलावाच. अशा टायरवर माल वाहणे धोक्याचे आहे. चाके बसवल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने, कंपनीने सांगितलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळावेत आणि सुमारे 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. साधारण 2,000 किलोमीटर झाल्यावर खोली त्याच तीन जागी पुन्हा मोजावी. तिन्ही जागी सारखीच घट दिसली तर दोष सापडला, आणि एका कडेची घट अजूनही जास्त असेल तर त्या चाकाचे भाग पुन्हा तपासून घ्यावेत.